थेंबाचा माग

सकाळी ७:४५

गॅरेजचं शटर अर्ध्यावर आलं की मी आधी वाकून जमिनीकडे बघतो. काल रात्री दुरुस्तीला आलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या पोटाखाली फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा सरकवून ठेवला होता. पुढची चाकं कुठं आहेत, इंजिन कुठं संपतं आणि गिअरबॉक्स कुठं सुरू होतो, ते खडूनं आखून ठेवलं होतं. रात्रभरात गाडीनं त्यावर आपली तक्रार लिहून ठेवलेली असते. सकाळी ती वाचायची.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडले जातात, त्याच्या खाली डागांचा एक मोठा घोळका होता. पुढं एका बाजूला सुटे पाच डाग होते. बोट लावून पाहिलं. काळं, पातळ, जळकट वासाचं, म्हणजे इंजिन ऑइल. गिअर ऑइल याहून घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. कूलंट बहुधा हिरवं असतं आणि बोटाला चिकट लागतं. कुठलं तेल ते आधी पक्कं करायचं, कारण गिअरबॉक्सचं ऑइल गळत असताना इंजिन उघडून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

सकाळी ८:३०

गाडीचे मालक काका आले. आरसीएफच्या खत कारखान्यातून निवृत्त झालेले. ही पद्मिनी त्यांनी १९९६ साली नवी घेतली, तेव्हापासून तिनं दुसरा मालक पाहिलेला नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये डाग पडतात म्हणून सेक्रेटरीनं दोनदा चिठ्ठी दिली. दर महिन्याला अर्धा लिटर ऑइल वरून घालावं लागतं. एका ठिकाणी दाखवलं, तर त्यांनी खालून बत्ती मारली आणि सांगितलं, "क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." आकडा ऐकून काका घरी परतले आणि गाडी विकायचा विचार करू लागले.

"मिस्त्री, खरं सांगा. हिचं आयुष्य संपलं का?"

"काका, संध्याकाळपर्यंत मला काहीही बदलायला सांगू नका. आधी शोधू द्या."

ही गाडी इथून, चेंबूरच्या माझ्या गॅरेजपासून, जेमतेम चार-पाच किलोमीटरवर जन्मली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानं गाड्या बनू लागल्या आणि १९७० च्या दशकात त्यातल्याच एकीचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांच्या नियमानं २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. आता राहिल्या त्या काकांसारख्यांनी सांभाळलेल्या खासगी गाड्या. त्यातली एखादी चुकीच्या निदानामुळे भंगारात जावी, हे मला सहन होत नाही.

सकाळी ९:००

हाताखालचा पोरगा लगेच डिझेलचा डबा आणि ब्रश घेऊन आला. त्याला थांबवलं. धुण्याआधी मळ वाचायचा असतो.

जुन्या इंजिनावरचा मळ तीन प्रकारचा. एक कोरडा, खरपुडीसारखा, धूळ आणि ऑइल मिळून वर्षानुवर्षं थापलेला. तो जुन्या गळतीचा, बहुधा बंद झालेल्या. दुसरा ओला आणि चकाकणारा, तो आजचा. तिसरा म्हणजे मळातून धुऊन निघालेली स्वच्छ रेघ. तिथं पेट्रोल झिरपतं, आणि ते ऑइलपेक्षा शंभर पट धोक्याचं. म्हणून पेट्रोल खेचणाऱ्या एसी पंपाच्या आसपास अशी रेघ आहे का, ते सगळ्यात आधी बघायचं. नव्हती. पण पंपाखाली ओलं होतं, आणि इंजिनाच्या मागच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत ओलं होतं.

"खालून बघितलं तर फक्त खालचं दिसतं," मी पोराला म्हटलं. "वरून बघायला सुरुवात कर."

मग धुणं. इंजिन गार, बॅटरीची वायर काढलेली, डेलको (डिस्ट्रिब्युटर) आणि कार्बोरेटरवर प्लास्टिक बांधलेलं, खाली ट्रे. ब्रशनं कोपरान्‌कोपरा घासला, कॉम्प्रेसरच्या हवेनं वाळवला, फडक्यानं पुसला. यात सव्वा तास जातो. गिऱ्हाइकाला वाटतं हे नुसतं धुणं आहे. पण पुढचं सगळं निदान याच सव्वा तासावर उभं राहतं. मळलेल्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे चिखलात पाऊल शोधणं.

सकाळी १०:३०

आता ब्रीदर. हा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो, म्हणून इथं थोडं थांबतो.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा वायू त्यांच्या बाजूनं खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतोच. आम्ही त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. त्याला बाहेर पडायला वाट लागते. ब्रीदरचा पाइप ती वाट देतो, चेंबरमधली हवा एअर क्लीनरकडे नेतो. ही वाट तुंबली की आतला दाब वाढतो आणि ऑइलला जिथं सर्वात कच्ची जागा सापडेल तिथून बाहेर ढकलतो. आज एका पॅकिंगमधून. ते बदललं तर उद्या दुसऱ्यातून. मालकाला वाटतं पॅकिंग खराब मिळालं.

इंजिन चालू केलं, ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर वहीचा कागद ठेवला. कागद उडून बाजूला पडला. ब्रीदरचा पाइप सोडवला, तर आत डांबरासारखा गाळ. बोटभर जाडीच्या नळीत तार जाईल एवढीच वाट उरलेली. नळी आणि तिच्यातली जाळी डिझेलमध्ये भिजवून साफ केली, हवा मारली, पुन्हा लावली. आता कागद तोंडावर टिकला, थोडा थरथरत राहिला. जवळजवळ तीस वर्षांच्या रिंगांकडून याहून जास्त मागू नये.

इथं एक पैशाचंही सामान लागलं नाही, आणि तरी आजचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच होतं.

सकाळी ११:१५

कोरड्या, स्वच्छ इंजिनावर टाल्कम पावडर फुंकली. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरची कड, एसी पंपाची बैठक, डेलकोचा पाया, ऑइल प्रेशरचा स्विच, टायमिंग कव्हर, चेंबरची कड, सगळीकडे पांढरा हात. पंधरा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवली. मग ट्रायल. चेंबूर नाक्यावरून सायन-ट्रॉम्बे रोड, मैत्री पार्क, परत वळून पूर्व द्रुतगती मार्गावर छेडा नगरपर्यंत. ऑइल गरम होऊन पातळ झालं पाहिजे. गार इंजिनात जी जागा कोरडी असते ती गरम झाल्यावर बोलते.

परत आल्यावर बत्ती आणि दांडीचा छोटा आरसा. पांढऱ्या पावडरीत दोन काळ्या रेघा उमटल्या होत्या.

पहिली टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून. डॅशबोर्डच्या भिंतीकडच्या त्या अरुंद फटीत आरशाशिवाय नजर पोचत नाही. तिथून ऑइल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत थेट गिअरबॉक्सच्या जोडापाशी उतरत होतं. खालून पाहणाऱ्याला ते मागच्या सीलचंच वाटणार. दुसरी रेघ एसी पंपाच्या बैठकीतून. पुठ्ठ्यावरचे सुटे पाच डाग तिचे.

ऑइल वरून खाली येतं आणि पंख्याच्या, चालत्या गाडीच्या वाऱ्यानं पुढून मागे जातं. त्यामुळे थेंब जिथं पडतो तिथून ऑइल क्वचितच निघालेलं असतं. थेंबापासून वर आणि पुढं चालत जायचं, आणि ओलाव्याचं सर्वात वरचं टोक सापडेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. तीस वर्षांच्या कामातून मला हाच एक नियम सापडला आहे.

दुपारी १२:००

पोराला कुर्ल्याला पाठवलं. सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचं सामान अजून मिळतं. सोबत जुन्या पॅकिंगचा तुकडा दिला आणि सांगितलं, "कॉर्क वाकवून बघ. कड तुटली तर घेऊ नकोस. दुकानात पडून पडूनही कॉर्क मरतं."

तोवर मी टॅपेट कव्हर काढलं. जुनं कॉर्क वाळक्या भाकरीसारखं कडक, हातात घेतल्यावर तुकडे झाले. त्याच्यावर आणि खाली सिलिकॉनचे दोन थर, वेगवेगळ्या रंगांचे. म्हणजे आधी दोन जणांनी गळती थांबवण्याऐवजी झाकली होती. कव्हरची कड बोल्टांपाशी खाली दबलेली. ऑइल दिसलं की लोक बोल्ट आवळतात. पत्र्याचं कव्हर बोल्टपाशी दबतं, दोन बोल्टांच्या मधे उचलतं आणि नेमकं तिथून ऑइल येतं. मग आणखी आवळतात.

आधी इंजिनाची उघडी तोंडं फडक्यानं बंद केली. पॅकिंगचा एक कण आत पडला आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसला, तर पॅकिंगच्या कामाचं इंजिनाचं काम होतं. मग बोथट पात्यानं जुना थर खरवडला. कव्हर उलटं करून जाड लोखंडी पाटावर ठेवलं आणि दबलेली कड हलक्या हातोडीनं ठोकून सपाट केली. पट्टी लावून उजेडासमोर धरून पाहिलं. फट राहिली नाही.

दुपारी १:३०

डबा उघडला. भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा. पोरगाही कुर्ल्याहून आला.

गॅरेजसमोरून माहुलकडं जाणारे टँकर दिवसभर चालू असतात. तिथल्या हिंदुस्तान पेट्रोलियमच्या रिफायनरीत वंगण तेलाचा देशातला सर्वात मोठा प्रकल्प आहे. इंजिन ऑइल ज्या मूळ तेलापासून बनतं ते आमच्या हाकेच्या अंतरावर तयार होतं. पोराला हे सांगतो, कारण ऑइल स्वस्त वाटायला लागलं की माणूस गळती चालवून घेतो. मिनिटाला एक थेंब म्हटलं तर रात्रीच्या दहा तासांत सहाशे थेंब, म्हणजे पंचवीस-तीस मिली. महिन्याला पाऊण लिटर. पातळी खाली गेली आणि लक्ष राहिलं नाही, तर बेअरिंग जातं आणि इंजिन बसतं. पाच रुपयांच्या थेंबाकडं दुर्लक्ष करून पन्नास हजारांचं काम ओढवून घेणारे लोक दर वर्षी येतात.

दुपारी २:१५

नवं कॉर्क कव्हरच्या बाजूनंच शेलॅकचा पातळ हात देऊन चिकटवलं. इंजिनाच्या बाजूला काही नाही, म्हणजे पुढच्या वेळी कव्हर काढताना पॅकिंग फाटणार नाही. बोल्ट आधी सगळे बोटानं, मग समोरासमोरचे, थोडे थोडे. कॉर्क दबलेलं दिसलं की थांबायचं. पोराला पाना दिला आणि म्हटलं, "मनगटानं आवळ, खांद्यानं नाही."

एसी पंपाचं काम दिसायला सोपं, पण त्यात एक खोच आहे. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये जाड ठोकळा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पॅकिंग. इंजिनातून येणारी दांडी पंपाचा दट्ट्या ढकलते. गळतंय म्हणून एकावर एक दोन पॅकिंगं घातली तर पंप बाहेर सरकतो, दांडी कमी पोचते, पेट्रोल कमी येतं आणि गाडी चढावर मार खाते. पातळ घातलं तर दांडी जास्त ढकलते आणि पंपाचा पडदा लवकर फाटतो. म्हणून जुन्या पॅकिंगची जाडी मोजून तेवढंच नवं घातलं. ठोकळ्याचा पृष्ठभाग काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केला.

दुपारी ३:३०

छेडा नगरच्या मामी आल्या. त्यांची १९९८ ची मारुती ८००. मराठी त्यांची मातृभाषा नाही, पण पन्नास वर्षं चेंबुरात राहून त्यांचं मराठी माझ्याइतकंच पक्कं झालंय.

"उद्या मुलुंडला जायचंय हो, आणि हे बघा खाली काय पडतंय!"

यांनाही कुणीतरी सांगितलं होतं की क्रँकचं मागचं सील गेलंय. गाडी वेगळी, इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडर, आडवं बसवलेलं, पण चूक तीच. या इंजिनात डेलको हेडच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसतो आणि कॅमशाफ्टवर फिरतो. त्याच्या मानेवर रबराची एक ओ-रिंग असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं ती काचेसारखी कडक होते आणि ऑइल डेलकोखालून गिअरबॉक्सच्या घरावर उतरतं. खालून बघितलं की पुन्हा मागचं सीलच दिसतं.

डेलको काढण्याआधी त्याच्या अंगावर आणि हेडवर सुईनं एक रेघ ओढली, रोटरचं तोंड कुठं आहे तेही टिपलं. हे विसरलं तर टायमिंग हलतं. जुनी ओ-रिंग काढली, ती चौकोनी झाली होती. नवीला ऑइलचं बोट लावून बसवली, रेघेला रेघ जुळवली. झाकणाच्या आत ऑइल नव्हतं, म्हणजे आतलं सील शाबूत. सगळं मिळून चाळीस मिनिटं. मामींना जुनी रिंग हातात दिली. एवढीशी रिंग बघून त्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत.

संध्याकाळी ५:००

चहा झाला. पद्मिनी पुन्हा पुसली, पुन्हा पावडर, पुन्हा तीच ट्रायल. दुसऱ्या ट्रायलशिवाय काम पूर्ण झालं असं मी म्हणत नाही. आपण केलेलं बरोबर असेलच असं आपल्याला वाटतं, म्हणूनच ते तपासायचं.

टॅपेट कव्हरचा कोपरा पांढरा. पंपाची बैठक पांढरी. इंजिनाची पाठ कोरडी. पण खाली, जोडाच्या तळाला असलेल्या छोट्या भोकापाशी, फडकं लावल्यावर नखाएवढा डाग आला. म्हणजे मागचं सीलही थोडं पाझरतंय. ज्यांनी ते सांगितलं त्यांची शंका अगदी खोटी नव्हती. पण दहा हिश्श्यांतला जेमतेम एक हिस्सा त्याचा, आणि त्यांनी दहाही त्याच्या नावावर लिहिले.

संध्याकाळी ६:३०

काकांना बत्ती हातात दिली आणि स्वतः बघायला लावलं. आधीच्या रेघांचे फोटो मोबाइलवर दाखवले, मग आताचं कोरडं इंजिन.

"मग हे मागचं?"

"राहू द्या. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल. कधीतरी क्लच प्लेट बदलायची वेळ येईल, तेव्हा गिअरबॉक्स उतरणारच आहे. त्याच मजुरीत सील घालू. तोवर क्लच घसरत नाही ना, एवढं बघा. घसरला तर थांबू नका, लगेच आणा."

"बाजारात बाटली मिळते म्हणे, ऑइलमध्ये टाकली की गळती थांबते?"

"रबर काही दिवस फुगतं काका, पण मेलेलं कॉर्क जिवंत होत नाही."

ऑइलची पट्टी काढून दाखवली. वरच्या खुणेपर्यंत, वर नाही. गळतं म्हणून थोडं जास्तच भरून ठेवायची काकांना सवय लागली होती. जास्त ऑइल क्रँकच्या फिरण्यात घुसळलं जातं, त्याचा फेस होतो, दाब वाढतो आणि गळती वाढते. हजार किलोमीटरनंतर बोल्ट एकदा तपासायला यायचं, तेही सांगितलं. जुनी पॅकिंगं पिशवीत घालून बिलासोबत दिली. बिल पाहून काकांनी ते दोनदा वाचलं. गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

"आजची रात्र गाडी इथंच राहू दे," मी म्हटलं. "सकाळी पुठ्ठा बघू, मग न्या."

संध्याकाळी ७:३०

जमिनीवर भुसा टाकून झाडून काढला. ट्रेमधलं डिझेल आणि काळं ऑइल पिंपात ओतून झाकण लावलं. वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचरा आहे. ते परवानाधारकांनाच द्यायचं असतं. गटारात ओतलं तर ते इथून माहुलच्या खाडीत जातं, जिथं हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. पोराला पहिल्याच दिवशी हा नियम सांगितला होता. विचारल्याशिवाय पिंपाला हात लावायचा नाही आणि गटाराकडे ट्रे न्यायचाच नाही.

मे संपत आलाय. दहा-पंधरा दिवसांत पाऊस येईल. पहिली सर पडते तेव्हा आठ महिन्यांचं सांडलेलं ऑइल रस्त्यावर तरंगून वर येतं आणि अमर महालच्या वळणावर दुचाकीवाले घसरतात. प्रत्येक वर्षी एखादा तरी फाटक्या गुडघ्यानं समोरच्या मेडिकलच्या पायरीवर बसलेला दिसतो. आपल्या गाडीचा थेंब आपल्या पार्किंगमध्येच पडतो असं नाही. बहुतेक थेंब रस्त्यावर पडतात आणि दुसऱ्याच्या चाकाखाली येतात.

रात्री ८:३०

काका गेल्याबरोबर पद्मिनीखाली नवा पुठ्ठा सरकवला होता, खडूनं खुणा केल्या होत्या. दोन तास उभी होती, पुठ्ठ्यावर एक डाग, मुगाच्या दाण्याएवढा, मागच्या जोडाखाली. तो तिथं असणार हे काकांना सांगून झालं आहे.

तुमची गाडी दहा-पंधरा वर्षांची असेल, तर आज रात्री तिच्याखाली एक पुठ्ठा ठेवा आणि सकाळी त्याचा फोटो काढून ठेवा. गॅरेजमध्ये गेलात की सील, पॅकिंग, गिअरबॉक्स यातलं काहीही मान्य करण्याआधी एवढंच म्हणा, "इंजिन धुऊन, गळती नेमकी कुठून सुरू होते ते मला दाखवा." जो दाखवेल त्याच्याकडेच काम द्या.